पहिल्यांदाच लेणी बघायला निघालायस ना, मग हे वाच

एका दिवसात कार्ले, भाजे, बेडसे तिन्ही उरकायच्या भानगडीत पडू नकोस, मी पहिल्या वेळी तेच केलं आणि घरी आल्यावर कुठला फोटो कुठल्या लेण्यातला तेच कळेना. आधी एखाद्या संध्याकाळी पुण्यातल्या जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर लेणं बघून ये, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं, अख्खं एका खडकात कोरलेलं, आणि समोरचा तो गोल नंदीमंडप. आपण रोज बाजूने गाडी दामटत जातो पण आत किती जण गेलेत विचार!

मग सकाळची लोणावळा लोकल पकड, मळवलीला उतर आणि भाजे गावातून पायऱ्या चढ. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली लेणी आहेत ही. चैत्यात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, शिरलास की खांब नीट बघ, सरळ नाहीयेत, आत कललेत, कारण लाकडी बांधकामात आधाराचे खांब तसे तिरके लावायचे म्हणून दगडात पण तीच नक्कल. पुढे थोडं चाललं की १४ स्तूपांचा झुबका दिसतो.

कार्ल्याला दुपारनंतर जा, चैत्याचं तोंड पश्चिमेला आहे त्यामुळे उजेड आतपर्यंत येतो, आणि मान वर करून छताच्या कमानी बघ, खऱ्या सागवानी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या! फक्त रविवार टाळ, बाहेरच एकवीरा आईचं देऊळ आहे, रांग खालपर्यंत असते. टॉर्च आणि पाणी मात्र विसरू नको.

बेडसे पुढच्या वेळी, तेही सकाळी, ते पूर्वेकडे तोंड करून आहे.