भाडेकरूने राहतं घर पाहुण्यांना रोजच्या भाड्याने द्यावं का?

तुम्ही भाडं वेळेवर भरता आणि कामासाठी वर्षातून दीड-दोन महिने बाहेर असता. मग तेवढ्या काळात घर पर्यटकांना दिलं तर मालकाने का अडवावं, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते परवानगी मिळायला हवी, पण दोन अटींवर: ते खरोखर तुमचं राहतं घर असावं, आणि मालकाचा लेखी होकार आधी घेतलेला असावा.

पहिली अट मला जास्त महत्त्वाची वाटते. घरं पाहुण्यांना रोजाने लावून देणाऱ्या एअरबीएनबी या वेबसाइटची सुरुवातच मुळी भाडेकरूंनी केली. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रायन चेस्की आणि जो गेबिया यांना घरभाडं जड जात होतं. शहरात डिझाइनची परिषद होती, हॉटेलं भरलेली होती, म्हणून त्यांनी घरात हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले. स्वतःही तिथेच राहत होते. यात मला काहीच वावगं दिसत नाही. बिघडतं ते पुढे. एकच माणूस चार-पाच फ्लॅट भाड्याने घेतो, एकातही राहत नाही आणि सगळे रोजाने लावतो. त्याला मी भाडेकरू म्हणणार नाही, तो लॉज चालवतो. तेवढी घरं राहायला जागा शोधणाऱ्यांच्या हातून जातात, आणि शोधणारे असतात तुमच्या-माझ्यासारखे भाडेकरूच.

न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नेमकं यावरच बोट ठेवलं आहे. ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर यजमान स्वतः घरात हवा, पाहुणे दोनच, आणि नोंदणी सक्तीची. तुम्ही बाहेरगावी असणार, म्हणजे तिथे तुम्हाला हे जमलंच नसतं. मला ते जरा जास्तच कडक वाटतं. फ्रान्सचा नियम मात्र मनापासून पटतो: मालकाची लेखी परवानगी लागतेच, शिवाय आपण भरतो त्या भाड्याच्या दरापेक्षा जास्त आकारता येत नाही. खर्च निघतो, धंदा होत नाही. परवानगी न घेता मिळवलेली कमाई मालकाची, असं तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं.

आता मालकाचा होकार कशाला? भाडं भरलं की घर आपलंच, हे दाराच्या आत बऱ्यापैकी खरं आहे. पण जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी सगळ्यांची असते. आमच्या शेजारचा फ्लॅट असा दिला जायचा. रात्री साडेअकराला चाकांच्या बॅगा फरशीवर खडखडत यायच्या, मग चुकीच्या दाराची बेल, आणि शेजारच्या आजी साखळी लावून दार किलकिलं करून विचारायच्या, "कोण पाहिजे?" दर दोन दिवसांनी नवा चेहरा. एका पाहुण्याने नळ उघडा ठेवला आणि खालच्या घराचं छत गळायला लागलं, तेव्हा तो पाहुणा केव्हाच निघून गेला होता. खालच्या लोकांनी गाठलं मालकाला, आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. शिवाय बऱ्याच घरविम्यांत असा व्यावसायिक वापर बसत नाही, म्हणजे भुर्दंड कुणाच्या तरी खिशातूनच जातो.

करारात पोटभाडेकरू ठेवायची मुभा आहे म्हणून गाफील राहू नका. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की अशी मोघम परवानगी पर्यटकांना लागू होत नाही. आधी तुमच्या गावचा कायदा आणि सोसायटीचे नियम पाहा. मग मालकाला पत्र लिहा: कोणत्या तारखा, एका वेळी किती माणसं, किल्ली कोण देणार, नुकसान झालं तर कोण भरणार, शेजाऱ्यांनी फोन कुणाला करायचा. जास्तीच्या पैशांतला थोडा वाटा द्यायची तयारीही दाखवा. तरी नाही म्हणाला तर चोरून करू नका, घर जाईल. त्याऐवजी त्या दोन महिन्यांसाठी ओळखीचा एकच माणूस ठेवू द्याल का, असं विचारा. रोज नवे पाहुणे नको म्हणणारा मालकही याला बऱ्याचदा तयार होतो.