आरटीईसाठी आधी सरकारी शाळेत वर्ष काढावं लागतं का?

प्रश्न : आमची मुलगी महापालिकेच्या शाळेत बालवाडीला जाते, यंदा सहा पूर्ण होतील. आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळेत राखीव असलेल्या जागेतून) इंग्लिश मीडियमला घालायचा विचार आहे. अटलांटाचा मेव्हणा म्हणतो तिकडं सरकार खाजगी शाळेला पैसे देतं पण पोरगं आधी वर्षभर सरकारी शाळेत असावं लागतं. शेजारीपण म्हणतात पहिली सरकारीत काढा, मग फॉर्म भरा. त्यात आजारपणामुळं हिची हजेरी लईच कमी आहे. काय करावं? – एक पालक, फुलेवाडी

उत्तर : मेव्हण्यांचं बरोबर आहे, पण ते अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यापुरतं. तिथली प्रॉमिस स्कॉलरशिप साधारण साडेसहा हजार डॉलरची, आणि ती मिळायला मूल आधी वर्षभर सरकारी शाळेत असावं लागतं, बालवाडीत नव्यानं जाणाऱ्यांना तेवढी सूट. नाहीतर आधीपासून खाजगीत फी भरणारे सगळेच रांगेत उभे राहतील ना.

आपल्याकडं असली अट नाही. उलट शेजाऱ्यांचं ऐकून पहिली सरकारीत काढली तर संधीच जाईल, कारण आरटीईच्या २५ टक्के जागा शाळा जिथनं सुरू होते त्या वर्गालाच असतात, नर्सरी नाहीतर पहिली. दुसरीला या कोट्यातनं घेत नाहीत. त्यामुळं फॉर्म यंदाच भरा.

हजेरीचं टेन्शन तर अजिबात घेऊ नका, फॉर्ममध्ये बालवाडीची हजेरी विचारतच नाहीत. (हजेरीवरनं पालकांना धारेवर धरायचं काम आपल्या शाहू महाराजांनी केलं होतं, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि पोर शाळेत धाडलं नाही तर महिन्याला एक रुपया दंड! त्या काळचा रुपया म्हणजे थोडाथोडका नव्हे.)

बघतात ते वय, पत्ता आणि तुम्ही कुठल्या गटात बसता ते. एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी असाल तर जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाची अट नाही. ओपनमधनं भरणार असाल तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत आणि तहसीलदारांचा दाखला, तो आत्ताच काढायला टाका, ॲडमिशनच्या दिवसांत सेतूत पाय ठेवायला जागा नसते. अल्पसंख्याक शाळा यात येत नाहीत, त्या यादीत शोधत बसू नका.

सगळ्यात जास्त घोळ पत्त्यात होतो. एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी, मग तीनपर्यंतच्यांना, म्हणून मॅपवरचं लोकेशन झूम करून आपल्या दारातच लावा, चौकात नको. भाड्यानं राहत असाल तर शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करार चालत नाही, रजिस्टर केलेलाच लागतो आणि तोही फॉर्म भरायच्या आधीच्या तारखेचा. घरमालक टाळाटाळ करत असेल तर त्याच्या मागं आत्तापासनंच लागा.