पट्टा आधी शोध

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडून म्हणालास, "काका, आपल्या दुकानात सगळी चक्रमच येतात." फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

जुना पट्टा टाकलास म्हणून ज्या बाई भांडल्या, त्यांचं ते एचएमटीचं 'जनता' घड्याळ माझ्या हाताखालून दोनदा गेलंय. एचएमटीने १९६१ साली बंगळुरात सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने घड्याळं काढली. पुढे कितीतरी वर्षं पहिला पगार झाला की एचएमटी, जावयाला द्यायचं तर एचएमटी. २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं सरकारने ठरवलं. आज किल्लीची एचएमटी घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं तरी घड्याळ घेऊन आलेलं असतं. त्या पट्ट्याचं तिसरं भोक ताणून लांबट झालं होतं. त्याच्या आत आणखी दोन भोकं होती, कंपनीची नव्हेत, घरी आरीने पाडलेली. मालकाचं मनगट आजारपणात बारीक होत गेलं, तशी एकेक पाडलेली. नवा पट्टा दीडशे रुपयांत मिळतो रे, पण ही भोकं कुठून आणणार?

मी तुला रागावत नाही. दुकान टाकल्यावर दुसऱ्याच वर्षी एका गृहस्थांच्या घड्याळाचं मागचं झाकण मी हौसेने बफवर धरून आरशासारखं चकचकीत केलं. त्यावर सुईने ओरखडून काहीतरी लिहिलेलं होतं. मला ते नुसते ओरखडे वाटले. त्यांनी झाकणावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, पैसे दिले आणि गेले. काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही. ते आजही सलतं. तेव्हापासून भिंग डोळ्याला लावण्याआधी मी विचारतो, "घड्याळ कुणाचं?" दुरुस्तीतलं निम्मं काम तिथंच कळतं. मेनस्प्रिंग तुटलीय की किल्ली द्यायचीच राहिलीय, तेसुद्धा.

आणि ते सकाळी येऊन "चाळीस घड्याळं, एकाचीही वेळ बरोबर नाही" म्हणणारे आजोबा. मलाही सुरुवातीला राग यायचा. ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. त्यांनी शिट्टी दिल्याशिवाय गाडी हलायची नाही. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला सुटली, म्हणून दर १ जूनला ते आपल्याला पेढे देतात. दहाला दहा कमी असताना येतात, कारण पूर्वी त्याच वेळेला त्यांची एक गाडी सुटायची. मी त्यांना दारावरच्या मोठ्या घड्याळाची किल्ली सोपवली. गेली सहा वर्षं ते घड्याळ मिनिटभरही चुकलेलं नाही, आणि समोरचा चहावाला त्यावरच दुकान उघडतो. तू त्यांना स्टूल देत जा. पाय दुखतात त्यांचे, सांगणार नाहीत.

बाकी सगळं सावकाश जमेल. पट्टा मात्र आजच शोध. आपला कचऱ्याचा डबा शनिवारी रिकामा होतो, म्हणजे अजून तळाशी असेल. सापडला की कोरड्या फडक्याने पूस, तेल लावू नकोस, कागदाच्या पुडीत घाल आणि दुकान बंद करून स्वतः त्यांच्या घरी नेऊन दे.

तुझा,
काका