काडतुसाच्या बुडावरची अक्षरं

प्रश्न : मी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालो. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सीएचा क्लास लावायचं ठरलं होतं. आता म्हणते, बंदुका-काडतुसं कुठल्या देशातून कुठे जातात याचा माग काढणाऱ्या संस्थेत काम करायचंय. असं काम असतं का? जिवाला धोका आहे का? की नुसतं खूळ? – एक वडील, भुसावळ

सस्नेह नमस्कार.

काम असतं. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची खूण आणि साल ठोकलेलं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. लढाईच्या जागी सापडलेल्या पुंगळ्यांवरची ती अक्षरं टिपून घ्यायची, मग माल कुठल्या कारखान्यातून निघाला, कुणाला विकला आणि भलत्याच्या हाती कसा लागला हे शोधायचं. ब्रिटनमधली ‘कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च’ ही संस्था 2011 पासून हेच करते. तिने इराक-सीरियात तीन-साडेतीन वर्षांत 40 हजारांहून जास्त शस्त्रं आणि दारूगोळ्याच्या वस्तू नोंदवल्या. तिथे जाणाऱ्यांना धोका असतोच. पण अशी माणसं थोडी. बाकीचं काम टेबलाशी बसून, कागदांचं.

कागद किती महत्त्वाचा, याला पुरुलियाचं उदाहरण पुरेसं आहे. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या त्या जिल्ह्यात विमानातून एके-47 रायफली आणि काडतुसांच्या पेट्या टाकल्या गेल्या. माल बल्गेरियाचा. सोबतच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे हा माल शेवटी कोण वापरणार हे लिहून देणाऱ्या कागदावर, नाव बांगलादेशचं! तेच विमान परतीच्या वाटेवर मुंबईत उतरवलं गेलं आणि मुख्य सूत्रधार विमानतळावरूनच निसटला. विमान, पॅराशूट यांच्याच गोष्टी लोकांच्या लक्षात राहिल्या. मला मात्र तो कागद जास्त भीतीदायक वाटतो.

म्हणून मुलीचं बी.कॉम. वाया जातंय असं समजू नका. जगभरच्या आयात-निर्यातीचे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या ‘कॉमट्रेड’ या संकेतस्थळावर बघायला मिळतात. कस्टमच्या वर्गवारीत 93वं प्रकरण शस्त्रांचं: 9302 म्हणजे रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलं, 9306 म्हणजे दारूगोळा. या 9306 मध्ये बॉम्ब आणि शिकाऱ्याची काडतुसं एकाच शीर्षकाखाली येतात, त्यामुळे सहा आकडी कोडपर्यंत उतरावं लागतं. मग एका देशाने दाखवलेली निर्यात दुसऱ्याने दाखवलेल्या आयातीशी ताडून बघायची. दोन्ही क्वचितच जुळतात. त्यातला थोडा फरक निव्वळ एफओबी (जहाजावर माल चढेपर्यंतची किंमत) आणि सीआयएफ (विमा आणि वाहतूक धरून किंमत) यांचा असतो, हे तिला पहिल्याच दिवशी कळेल. राज्यशास्त्राच्या मुलांना त्यातच महिना जातो.

तिने ‘सिप्री’चं नाव घेतलं असेल. स्टॉकहोमची ही संस्था नावाजलेली खरी, पण तिच्या शस्त्रव्यवहारांच्या यादीत विमानं, रणगाडे अशी मोठी शस्त्रं असतात. लहान शस्त्रांसाठी जिनिव्हाची ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ बघावी. 1999 पासून काम चालू आहे.

आता पोटापाण्याचं. या संस्था छोट्या, जागा मोजक्या आणि बऱ्याचशा प्रकल्पापुरत्या. पगाराची हमी मी देणार नाही. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचं एम.ए. आहे, ते करता करता रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच किंवा रशियन घ्यावी. फ्रेंच आधी, कारण पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांचे कागद त्याच भाषेत असतात. संस्था मिळाली नाही तरी हात रिकामे राहत नाहीत. यूपीएससीतून कस्टम आणि तिथून महसूल गुप्तचर संचालनालय हा एक रस्ता. दुसरा खासगी कंपन्यांचा: संरक्षणसाहित्य परदेशी पाठवणाऱ्यांना ‘स्कोमेट’ (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची सरकारी यादी) प्रमाणे परवाने घ्यावे लागतात, ग्राहक खरा की बनावट हे तपासावं लागतं. तिथे हिशेब कळणारं माणूस हवंच असतं. सीएचं पूर्ण सोडू नका, वर्षभर थांबवा.

तोवर तिला एक काम द्या. कॉमट्रेडवर कोणतेही दोन देश आणि 930630 हा काडतुसांचा कोड घेऊन पाच वर्षांचे दोन्हीकडचे आकडे शेजारी-शेजारी मांडायचे आणि फरक का पडला ते एका पानात लिहायचं. ते पान मला पाठवा. आणि बुडावरच्या खुणा कशा वाचतात हे तिला तुम्हीच शिकवा, कागदावर चित्र काढून.