शुगरचा आकडा फॅमिली ग्रुपवर टाकावा का?

लालबागच्या चाळीतल्या 58 वर्षांच्या काकू. मुलगा ठाण्याला, मुलगी पुण्याला. मुलाने व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला: रोज सकाळी ग्लुकोमीटरचा फोटो टाकायचा. आकडे 112, 118, 109. एचबीएवनसी मात्र 9.1, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर 210च्या वर! "एवढं लक्ष ठेवूनही असं कसं?" हा मुलाचा प्रश्न बऱ्याच घरांतून येतो.

मीटरची मेमरी उघडली. महिन्याभरात रीडिंग आठच. ग्रुपवर त्याच चार-पाच फोटोंची ये-जा. मे महिन्यात एकदा 240 आल्यावर सात जणांनी "काय खाल्लंस?" विचारलं होतं, तेव्हापासून काकूंनी टोचणंच टाळलं. गंमत म्हणजे त्या सकाळी त्या नातवाला हापूस कापून देत होत्या आणि हात न धुताच बोट टोचलं. बोटावरच्या रसाची साखरही मीटर मोजतो. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासलं असतं तर खरं-खोटं तिथेच कळलं असतं.

खोटेपणाबद्दल काकूंना बोलून उपयोग नव्हता. चांगल्या आकड्याला अंगठा आणि वाईट आकड्याला उलटतपासणी, असं झालं की माणूस आकडा लपवणारच.

म्हणून शुगर ग्रुपवरून काढून फक्त मुलीच्या चॅटवर नेली. रोज उपाशीपोटी एकदा टोचण्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस जोडी: जेवणाआधी एक आणि पहिल्या घासापासून 2 तासांनी दुसरं. मेसेजही ठरलेला: "रात्री 12.40, जेवून 2 तास, 236, भात दोन वाट्या." नुसत्या 236 वरून डॉक्टरांनाही फार काही कळत नाही. टायपिंग जड जात होतं, म्हणून व्हॉइस मेसेज. पण तो दवाखान्यात कोण ऐकत बसणार? मुलगी रविवारी सगळं वहीत उतरवते. रोजचं उत्तर एकच, "मिळालं." प्रश्न रविवारच्या फोनवर. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग बंद केली.

अपवाद एकच. थरथर, घाम किंवा 70च्या खाली आकडा आला, तर आधी 3 चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि शेजारणीला हाक मारायची. मेसेज करून वाट बघायची नाही. मुलगी मीटिंगमध्ये असेल, मुलगा लोकलमध्ये लटकलेला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट 108.

दुसऱ्या आठवड्यात वहीतून उलगडा झाला. काकांची सेकंड शिफ्ट, त्यांच्यासाठी थांबून जेवण साडेदहाला, आणि रात्रीची गोळी कधी आधी, कधी विसरलेली. सकाळचे आकडे तिथूनच चढत होते. गोळीची वेळ डॉक्टरांनी बदलून दिली. काकू आता आठला जेवतात, काकांचं ताट झाकून ठेवतात.