बाळंतपणाचे पैसे येतात, पण कोणत्या महिन्यात?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई नागपूर जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत.)

प्रश्न : आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचं गाव रामटेककडे. तिच्या सुनेला पहिल्या बाळंतपणाचे सरकारी पैसे मिळाले. निम्मे बारशात गेले, उरलेल्यातून सासऱ्याने कर्जाचा हप्ता भरला. लेकरू दीड वर्षाचं झालं तरी हडकुळंच आहे. असे रोख पैसे वाटून कुपोषण कसं थांबणार? त्यापेक्षा अंडी आणि दूध का देत नाहीत?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : काका, आधी बारशाचा राग सोडा. पहिलं नातवंड म्हटल्यावर चार माणसं जेवायला बोलावणारच. सासऱ्याने हप्ता भरला म्हणजे पैसा पाण्यात गेला असंही नाही. तो थकला असता तर पावसाळ्याच्या तोंडावर हेच घर कुणाच्या तरी दारात व्याजाने पैसे मागत उभं राहिलं असतं, आणि अशा वेळी पहिली कात्री लागते ती डाळीला. माझी तक्रार वेगळीच आहे. सुनेला पैसे मिळाले, पण लेकराला त्यांची गरज पडायच्या आधीच ते येऊन गेले.

प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ साली आली. पहिल्या अपत्याला ५,००० रुपये. आता ते दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी झाली की ३,०००. बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २,०००. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,००० एकरकमी, मुलगा झाला तर काही नाही. म्हणजे लेकरू साडेतीन-चार महिन्यांचं झालं की योजनेचं काम संपलं.

आता लेकराकडे बघा. पहिले सहा महिने ते आईच्या दुधावर असतं आणि गरीब घरातही बहुतेक वेळा अंग धरतं. वजनाची रेघ खाली वळते ती त्यानंतर, वरचं अन्न सुरू व्हायच्या दिवसांत, आणि दोन वर्षांचं होईपर्यंत जे खुंटलं ते पुढे सहसा भरून निघत नाही. अंगणवाडीच्या वाढीच्या तक्त्यांवर मी वर्षानुवर्षं हेच पाहत आले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, आणि चारातलं एक उंचीच्या मानाने वाळलेलं. ही सगळी आदिवासी पाड्यांवरची मुलं नव्हेत, नागपूरपासून तासाभरावरच्या गावांतलीही त्यांत आहेत.

रामटेक-मौद्याकडे आषाढात धानाची रोवणी लागली की बाया भल्या सकाळीच बांधीत उतरतात. लेकरू सात-आठ महिन्यांचं असतं. ते आजीपाशी. आजी त्याला चहात बुडवून बिस्कीट देते आणि दुपारी पेज. एका घरी मी ती वाटी हातात घेऊन हलवली होती. वर नुसतं पांढरं पाणी, तळाशी चमचाभर शितं. लेकराचं पोट भरायचं, ते झोपायचं, आणि सगळ्यांना वाटायचं, चाललंय बरं. मी म्हटलं, आजी, भात घट्ट कालवा, वरण टाका, वरून चमचाभर तेल. तर म्हणाली, "घट्ट देल्लं त गळ्यात अटकते न बाई." त्या घरात तांदूळ होता, तुरीची डाळही होती. नव्हती ती आई, कारण रोवणीची मजुरी वर्षातून एकदाच एवढी मिळते आणि ती सोडणं परवडत नाही.

रोख पैशाचा उपयोग मला इथे दिसतो. सातव्या महिन्यापासून दर महिन्याला थोडी रक्कम ठरलेल्या तारखेला आईच्या खात्यात पडली, तर ती आठवड्यातले दोन दिवस तरी घरी थांबू शकते. अंडं हातात देता येतं, हा वेळ तसा वाटता येत नाही. तुमची लेक कंपनीत नोकरीला असेल तर तिला कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. बांधीतल्या बाईची रजा म्हणजे हे पाच हजार. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तर किमान सहा हजार लिहिलेले आहेत. उरलेलं दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या अनुदानात धरून 'सरासरी सहा' म्हणतात. सरकारी हिशेब!

बाहेरच्या देशांनीही हे करून पाहिलंय. मेक्सिकोने १९९७ मध्ये गावोगावच्या गरीब घरांत आयांच्या हाती पैसे द्यायला सुरुवात केली. अट अशी की लेकरांना तपासणीला आणायचं, मोठ्यांना शाळेत धाडायचं. सोबत लहानग्यांसाठी पोषक पूडही होती. सर्वांत गरीब घरांतली जी बाळं अगदी तान्ही असताना योजनेत आली, ती इतरांपेक्षा सेंटिमीटरभर जास्त वाढली. तुम्हाला हे किरकोळ वाटेल. मोजपट्टी हातात धरून बसलेल्या बाईला विचारा.

बांगलादेशात २०१२ ते २०१४ मध्ये झालेला प्रयोग मला जास्त जवळचा वाटतो, कारण तिथली घरं आपल्यासारखीच, भातावर जगणारी. काही गरीब आयांना महिन्याला १,५०० टाका दिले, काहींना तेवढ्याच किमतीचं धान्य, आणि काहींना पैशासोबत पोषणाची नियमित शिकवण. या शिकवणीत सासू आणि नवऱ्यालाही ओढलं होतं. खुजेपणा ठळक कमी झाला तो पैसे आणि शिकवण दोन्ही मिळालेल्या घरांत. नुसत्या पैशाने घरात खाणंपिणं सुधारलं, पण लेकराच्या उंचीत तसा फरक पडला नाही. पेजेची ती वाटी आठवा म्हणजे कारण कळेल.

राहिला तुमचा अंडी-दुधाचा मुद्दा. अंडी द्यावीत, जरूर द्यावीत. आदिवासी भागात २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत लेकरांना अंडी-केळी आणि गरोदर बायांना गरम जेवण देतात, तो चांगलाच कार्यक्रम आहे. बाकी गावांत अंगणवाडीतून घरी न्यायची पाकिटं मिळतात. ती एकट्या लहानग्याची, पण घरी तीन पोट्टी असली की तिघांत वाटली जातात. कुठली आई थोरल्याच्या हातून पाकीट हिसकावून घेईल? म्हणून धान्य बंद करून पैसे द्या, असं कुणी म्हटलं तर मी विरोधच करीन. पाकीटही हवं, पैसेही हवेत, आणि घरात जाऊन वाटी हलवून बघणारी सेविकाही हवी. तिच्याकडे मात्र आता रजिस्टर आणि मोबाइलवरच्या नोंदी इतक्या झाल्यात, की घरी जायला तिला वेळ कुठून मिळणार?

प्रश्न : मला लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये येतात. बाळ दहा महिन्यांचं आहे. नवरा म्हणतो घरखर्चात टाक, सासू म्हणते तो तंबाखूच्या खर्ऱ्यात उडवेल. बाळासाठी काय करू?
– एक आई, उमरेड

उत्तर : बाळा, सगळे पंधराशे वेगळे ठेवणं जमणार नाही, भांडणच होईल. दोन-अडीचशे रुपये बाळाच्या नावाने बाजूला काढ. तेवढ्यात महिनाभर रोज एक अंडं होतं. अंडं उकडून भातात कुस्कर. अंडं चालत नसेल घरी, तर शेंगदाण्याचा बारीक कूट, घट्ट वरण आणि दिवसातून दोनदा चमचाभर तेल-तूप. दहा महिन्यांच्या लेकराला दिवसातून तीन-चार वेळा भरवायचं आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. चहा-बिस्कीट बंद.

खर्ऱ्याचं म्हणशील तर सासूबाईंची भीती सगळ्या जगाला आहे. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि आना पोपोव्हा यांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतले असे अभ्यास एकत्र तपासले. मदतीचे पैसे मिळाल्यामुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असं त्यांना दिसलं नाही. जो खर्रा खातो तो पंधराशे नव्हते तेव्हाही खातच होता. ते भांडण वेगळं भांड.

तुझं नशीब, तू एकवीस पूर्ण आहेस. या योजनेची अट २१ ते ६५ वर्षांची आहे. विसाव्या वर्षी आई झालेल्या पोरीला हे पैसे नाहीत आणि आपल्या गावांत पहिलटकरीण बहुधा त्याच वयाची असते.

प्रश्न : सुनेचा मातृवंदनेचा अर्ज मंजूर दाखवतो, पण पासबुकात पैसे नाहीत. बँक म्हणते अंगणवाडीत जा, अंगणवाडीत म्हणतात बँकेत जा.
– एक सासूबाई, काटोल

उत्तर : हे पैसे अर्जावर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधारला शेवटचं जे खातं जोडलेलं असतं त्यात ते जातात. सुनेचं माहेरी कॉलेजात असताना किंवा कुठल्या अनुदानासाठी काढलेलं जुनं खातं असेल, तर पैसे तिथे पडून असण्याची शक्यता मोठी आहे. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं, मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला असला की झालं. ते आधी बघा, मग माहेरच्या बँकेत पासबुक भरून आणा. खातं चालवायचं नसेल तर इथल्या बँकेत आधार जोडायचा अर्ज नव्याने द्या आणि पोच घ्या. सुनेचं आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं असेल तर तेही याच फेरीत सारखं करून टाका.