इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळं पाठ केल्याने शब्दसंग्रह वाढतो का?

तुम्ही विचारलंय की स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये लॅटिन मुळांचा तक्ता दिलाय, तो घोकला तर रोजचं इंग्रजी सुधारेल का. मी इंग्रजीचा मास्तर नाही, एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. तरी लिहितोय, कारण असल्याच एका तक्त्यापायी माझं आणि माझ्या साडूंचं बारा वर्षांपूर्वी वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

कराडला सासरकडचं लग्न होतं. साडूंच्या गाडीतून पुण्याहून निघालो. शिरवळ सोडलं आणि खंबाटकीच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबलं. आमच्या नाकासमोर टँकर, त्याच्या पाठीवर लाल अक्षरांत ‘हायली इनफ्लेमेबल’. मागच्या सीटवर साडूंचा मुलगा, तेव्हा दहावीत. त्याने विचारलं, “बाबा, इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं ना?”

“बरोब्बर,” साडू म्हणाले. “इन म्हणजे नाही. इनव्हिजिबल, इनकरेक्ट, तसं इनफ्लेमेबल. तक्त्यात पहिलंच आहे.”

मी म्हटलं, “अहो साडूभाऊ, न पेटणारं असतं तर एवढं लाल रंगात कशाला लिहिलं असतं? दुधाच्या टँकरवर लिहितात का?”

त्यावर साडू आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही आयुष्यभर तिकिटं फाडलीत. व्याकरणात कशाला पडता?”

गाडीतल्या सगळ्या बायका हसल्या. माझीसुद्धा. घाट उतरेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही.

आता खरं काय ते सांगतो. इनफ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं. लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, आपल्या संस्कृत ‘अ’ आणि ‘अन्’चा सख्खा भाऊ. दुसरा ‘आत’ या अर्थाचा. ‘फ्लाम्मा’ म्हणजे ज्वाळा, आणि ‘इनफ्लाम्मारे’ म्हणजे पेटवणं. इथला ‘इन’ दुसरा आहे. हा घोळ जीवावर बेतू शकतो म्हणूनच आता बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहितात. साडूंच्या तक्त्यात ‘इन’ एकच होता. तुमच्या तक्त्यात किती आहेत ते बघा.

मला हे कुठून कळलं? मुक्कामी गाडीवरून. रात्री साडेनऊला गाडी गावात पोचायची, ड्रायव्हर दहा मिनिटांत घोरायला लागायचा. मी वेबिल पुरं करायचो, कॅश मोजून पिशवी उशाखाली घ्यायचो आणि बॅटरीच्या उजेडात डिक्शनरी उघडायचो. रद्दीवाल्याकडून घेतलेली, पुठ्ठा नसलेली, ‘ए’ची पहिली पानं गेलेली. पण प्रत्येक शब्दाच्या शेवटी चौकोनी कंसात त्याचं मूळ दिलेलं.

एका रात्री सहज ‘कंडक्टर’ काढला. ‘कोन’ म्हणजे सोबत, ‘दूकेरे’ म्हणजे नेणं. सोबत नेणारा. बिल्ल्यावर आम्हाला ‘वाहक’ म्हणायचे, तेही ‘वह्’ धातूवरून, म्हणजे वाहून नेणारा. त्याच ‘वह्’चं लॅटिन भावंड ‘वेहेरे’, त्यावरून इंग्रजीत ‘व्हेइकल’. माझी झोप उडाली. मग त्या ‘दूकेरे’च्या मागे लागलो. प्रोड्यूस म्हणजे पुढे आणणं, रिड्यूस म्हणजे मागे नेणं, इंट्रोड्यूस म्हणजे आत नेणं. आणि पगाराच्या स्लिपवरचं ‘डिडक्शन’, म्हणजे आमच्यातून नेलेलं. हा शब्द मी पुन्हा कधी विसरलो नाही, विसरू देतात का?

पण कळस म्हणजे ‘बस’. हा शब्द लॅटिन ‘ऑम्निबुस’चं शेपूट आहे. ऑम्निबुस म्हणजे सर्वांसाठी. सगळ्यांनी बसायची घोडागाडी म्हणून फ्रान्समध्ये हे नाव पडलं, 1829 साली जॉर्ज शिलिबीरने ती लंडनमध्ये आणली, आणि पुढे इंग्रजांनी नाव तोडून नुसतं ‘बस’ ठेवलं. आता शाळेत संस्कृत घेतलं असेल तर आठवा : चतुर्थी, अनेकवचन, रामेभ्यः. ‘सर्वांसाठी’ याला संस्कृतात म्हणायचं सर्वेभ्यः. लॅटिनचा ‘बुस’ आणि आपला ‘भ्यः’ हे एकाच जुन्या प्रत्ययाच्या घराण्यातले. म्हणजे स्टँडवर माणूस “बस लागली का हो?” विचारतो तेव्हा तो निव्वळ विभक्तीचा प्रत्यय लागला का ते विचारत असतो. राम शब्द चालवता येत नाही म्हणून मी लहानपणी छड्या खाल्ल्यात, आणि जन्म काढला त्या प्रत्ययात उभा राहून!

हे मी लग्नाच्या पंगतीत साडूंना सांगितलं. वाटलं, मानतील. तर ते म्हणाले, “म्हणजे लॅटिन संस्कृतमधूनच निघाली, मी म्हणतोच.” आणि तेव्हापासून दर दोन महिन्यांनी मला तो मेसेज येतो, ‘नेव्हिगेशन’ हा शब्द ‘नवगती’वरून आला म्हणून. साफ खोटं. तो ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणं यांवरून आलाय. ‘नाविस’ आपल्या ‘नौ’ची बहीण आहे हे खरं, पण बहीण. मुलगी नव्हे. 1786 साली कलकत्त्यात विल्यम जोन्स या न्यायाधीशाने भर सभेत सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आलेल्या दिसतात, आणि ते मूळ बहुधा आता उरलेलं नाही. बहिणीला लेक ठरवण्यात कसला आलाय अभिमान?

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर : तक्ता उलटा वापरा. मुळावरून शब्दाचा अर्थ ओळखायला जाल तर फसाल. ‘पेड’ म्हणजे पाय, आपला ‘पद’. पेडल, पेडेस्ट्रियन ठीक. पण पीडियाट्रिशियनकडे पाय दाखवायला जाऊ नका, तो लहान मुलांचा डॉक्टर. तो ‘पेड’ ग्रीक आहे. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं, पण ‘ऑपॉर्च्युनिटी’तला ‘पोर्ट’ बंदराचा. त्यापेक्षा जो शब्द रोज हाताळता, तो फोडून बघा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर म्हणजे सप्त, अष्ट, नव, दश. रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून मोजायचे, म्हणून आकडे दोन घरं पुढे सरकलेत. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यात न बोलला जाणारा ‘बी’ कुठून आला? फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा ‘बी’ नव्हता. लॅटिन ‘देबितुम’सारखा दिसावा म्हणून पंडितांनी मागून घुसडला. पासबुकातला ‘डेबिट’ तोच. स्पेलिंग आता चुकणार नाही.

एक राहिलं. अगदी रोजचे शब्द, हाउस, वॉटर, ईट, गो, ड्राइव्ह, यातलं काहीच लॅटिन नाही. ते इंग्रजांचं जर्मानिक घरचं धन. लॅटिनचा मोठा लोंढा 1066 नंतर फ्रेंच बोलणारे नॉर्मन आल्यावर त्यांच्यामार्फत आणि पुढे पुस्तकांतून शिरला. म्हणून कचेरी, कोर्ट, दवाखाना इथे मुळं कामाला येतात, बाजारात फारशी नाही. एका गाडीत आम्ही दोघं असायचो, त्यात कंडक्टर लॅटिन आणि ड्रायव्हर अस्सल इंग्रजी.

आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आली असेल तर माझं काही ऐकू नका, तक्ताच घोका. फक्त ‘इन’पुढे पेन्सिलीने एक टँकर काढून ठेवा.